‘वृत्तसंस्था’ म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न थोडक्यात असा. लातूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याला ‘ग्लोबल कम्युनिकेशन’, म्हणजे जागतिक संज्ञापन आणि आंतरराष्ट्रीय माध्यमं, या विषयात एम.ए. करायचं आहे. तो विचारतो: यात शिकवतात काय? मराठी माध्यमातून आलेल्याला झेपेल का? परदेशी जायलाच हवं का? आणि शिकून पुढे काय? शेवटी त्याने लिहिलं आहे, ‘मॅडम, मी रोज दोन तास जागतिक बातम्या बघतो, त्यामुळे पाया पक्का आहे.’

उत्तर या शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण घोळ तिथेच आहे. रोज एस.टी.ने जाणाऱ्याला डेपोचं वेळापत्रक कोण ठरवतं हे माहीत असतंच असं नाही. दोन तास बातम्या बघून तुला जगाची खबर राहील, ती राहू दे. पण या विषयाला बातमीत काय आहे यापेक्षा ती कुठल्या वाटेने आली यात जास्त रस असतो. ती कुणी लिहिली, कुणाच्या तारेवरून आली, वाटेत जकात कुणी घेतली, भाषा बदलताना तिच्यात काय मिसळलं आणि काय सांडलं, हे शोधायचं. मी याला बातमीची उलटी वाट म्हणते. माझ्या वर्गात पहिले दोन महिने दुसरं काही होत नाही.

ही वाट मला प्राध्यापकांनी दाखवली नाही, एका पोस्टकार्डाने दाखवली. १९८९ साली मी एका मराठी दैनिकाच्या परदेश डेस्कवर उपसंपादक म्हणून लागले. डेस्क म्हणजे दोन टेबलं, एक इंग्रजी-मराठी कोश, पानं सुटलेला ॲटलास आणि काचेपलीकडे खडखडणारे टेलिप्रिंटर. (बायकांना रात्रपाळी द्यावी की नाही यावर तेव्हा वाद चालायचा, त्यामुळे मी संध्याकाळीच घरी. अमेरिकेच्या बातम्या रात्रीच्या पाळीला, युरोपच्या माझ्या वाट्याला.) जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध पेटलं. इंग्रजी कॉपीत ‘अलाइड फोर्सेस’ असं यायचं आणि आम्ही हात न थांबवता ‘दोस्त राष्ट्रांच्या फौजा’ लिहायचो. दुसऱ्या महायुद्धापासून मराठी वर्तमानपत्रांत रुळलेला शब्द, त्यात विचार करण्यासारखं काय होतं? आठवड्याभरात कऱ्हाडकडच्या एका निवृत्त शिक्षकांचं कार्ड आलं. त्यांचा पुतण्या कुवेतला नोकरीला होता. आदल्या वर्षी अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी जे सुमारे पावणेदोन लाख भारतीय मायदेशी आले, त्यांत तोही होता. गुरुजींनी चारच ओळी लिहिल्या होत्या. इराककडून आपण तेल घेत होतो, या युद्धात आपण कुणाच्या बाजूने उतरलेलो नाही, मग तुमच्या अंकात रोज येणारे हे ‘दोस्त’ कुणाचे?

डेस्कवर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मूळ कॉपी लिहिणाऱ्याचे दोस्त आमचे दोस्त होऊन बसले होते आणि ते कधी झाले हे आम्हाला कळलंही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ‘बहुराष्ट्रीय फौजा’ लिहू लागलो. वृत्तसंपादक कुरकुरले, मथळ्यात मावत नाही म्हणून.

त्याच युद्धाची आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर १९९० मध्ये कुवेतची एक पंधरा वर्षांची मुलगी अमेरिकेत लोकप्रतिनिधींसमोर रडत सांगते की इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या काचपेट्यांतून अर्भकं काढून फरशीवर टाकली. बातमी जगभर गेली. १९९२च्या जानेवारीत उघड झालं की ती मुलगी अमेरिकेतल्या कुवेती राजदूतांची कन्या होती आणि तिची साक्ष हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीने कुवेतच्या बाजूने चालवलेल्या मोहिमेचा भाग होती. त्या कथेला आधार सापडला नाही. मराठी डेस्कवर बसून हे पकडणं आम्हाला शक्य नव्हतं, ते मान्यच आहे. पण ‘ही साक्ष घडवून कुणी आणली’ हा प्रश्न मनात यायलाही दोन वर्षं लागली, याची खंत अजून आहे.

आता तुझ्या घरी येणारं वर्तमानपत्र घे आणि परदेशाचं पान उघड. बातमीच्या डोक्यावर काय छापलंय? ‘वृत्तसंस्था, न्यूयॉर्क’ किंवा ‘लंडन : वृत्तसंस्था’. कुठली वृत्तसंस्था? सांगत नाहीत. एकाच बातमीत दोन-तीन ठिकाणचा मजकूर शिवलेला असतो, शिवाय हल्ली संकेतस्थळांवरून उचललेलंही त्यात असतं, म्हणून हा सोयीचा बुरखा. या एका शब्दामागे कोण आहे हे ओळखता येणं म्हणजे निम्मा अभ्यासक्रम. उरलेला निम्मा, ते लोक तिथे कसे पोचले.

ते पोचले तारेने. पॅरिसला हावास ही वृत्तसंस्था १८३५ पासून, बर्लिनला वोल्फ १८४९ पासून, लंडनला रॉयटर १८५१ पासून. रॉयटरने त्याआधी आखेन आणि ब्रुसेल्स या शहरांच्या मधल्या तुटक्या तारेची जागा कबुतरांनी भरून काढली होती, हे सगळेच सांगतात. मला १८७० हे साल जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबईपासून एडनकडे समुद्राच्या तळाशी तार सोडली; ती तांबड्या समुद्रातून सुएझला आणि पुढे माल्टा, जिब्राल्टर करत इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर पोर्थकर्नो नावाच्या खेड्यात निघाली. बोटीने आठवडे घेणारी बातमी काही तासांवर आली. आणि त्याच वर्षी या तीन संस्थांनी आपसांत करार करून जगाची वाटणी केली. सावकारांनी गावं वाटून घ्यावीत तशी. हिंदुस्थानासकट ब्रिटिश साम्राज्य रॉयटरच्या वाट्याला, फ्रान्स आणि दक्षिण युरोप हावासकडे, जर्मनी आणि उत्तर-पूर्व युरोप वोल्फकडे. एकाच्या हद्दीत दुसऱ्याने बातमी विकायची नाही. मुंबईत बसून जग बघायचं तर ते लंडनच्या खिडकीतूनच दिसायचं, आणि त्यात कुणाचं कारस्थान असण्याची गरजही नव्हती. करार आणि तारेचा खर्च, एवढं पुरेसं होतं.

या मक्तेदारीविरुद्ध सगळ्यात मोठ्याने तक्रार कुणी केली असेल? अमेरिकेच्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने. त्यांचे प्रमुख केंट कूपर यांचं म्हणणं असं की अमेरिकेबद्दल जगाला काय सांगायचं ते रॉयटर ठरवते, आणि ती सांगते काय, तर आदिवासींशी चकमकी, दक्षिणेत झुंडीने दिलेल्या फाशा आणि विचित्र गुन्हे. ही वाटणी १९३४ मध्ये मोडली. पुढे चाळीस वर्षांनी आशिया-आफ्रिकेतले देश हेच गाऱ्हाणं शब्दही फारसे न बदलता मांडू लागले: आमच्याबद्दल जगाला फक्त दुष्काळ, पूर आणि बंडाळ्याच सांगितल्या जातात. फरक इतकाच की आता आरोपीच्या पिंजऱ्यात असोसिएटेड प्रेस होती.

या सत्तरच्या दशकातल्या भांडणाला पाठ्यपुस्तकं ‘नवी जागतिक माहिती व्यवस्था’ या नावाने एक प्रकरण देतात. विद्यार्थी ते पाठ करतात आणि कंटाळतात. कंटाळू नकोस, कारण त्यात आपलं घर आहे. १९७५ मध्ये युगोस्लाव्हियाच्या तान्युग संस्थेच्या पुढाकाराने अलिप्त राष्ट्रांच्या वृत्तसंस्थांनी बातम्यांची देवाणघेवाण सुरू केली. जुलै १९७६ मध्ये त्यासाठी दिल्लीत परिषद भरली. पाश्चात्त्य मक्तेदारी मोडून विविध आवाज जगाला ऐकू गेले पाहिजेत, अशी भाषणं झाली. यजमान देशात तेव्हा आणीबाणी होती. सेन्सॉर होता. पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चारही संस्थांची मोट बांधून सरकारने ‘समाचार’ नावाची एकच संस्था करून टाकली होती. ती मोट १९७८ मध्ये सुटली. जगात अनेक आवाज हवेत म्हणणाऱ्याने घरातले चार आवाज एक केले होते.

माझं मत विचारशील तर गाऱ्हाणं शंभर टक्के खरं होतं, औषध मात्र मंत्र्यांच्या हातात दिलं तिथे फसलं. युनेस्कोने शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९८० मध्ये आला. आयोगात आपले पत्रकार-संपादक बी. जी. व्हर्गिस होते, कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केझही होते. अहवाल वाचलास तर दिसेल की तो सरकारी नियंत्रणालाही फटकारतो. पण तोवर भांडण तापलं होतं. १९८४ अखेर अमेरिका युनेस्कोतून बाहेर पडली, पुढच्या वर्षी ब्रिटन. कारणं इतरही होती, पण हे एक मोठं होतं. मूळ अहवाल वाच. त्याच्यावरचे सारांश वाचू नकोस, ते एका बाजूला कललेले असतात, कुठल्या बाजूला ते लिहिणाऱ्याच्या देशावर अवलंबून.

तार जुनी झाली म्हणू नकोस. आज तुझ्या मोबाइलवर येणारा बहुतेक परदेशी मजकूर समुद्राखालच्या काचतंतूंच्या केबलमधूनच येतो आणि मुंबईहून युरोपकडे जाणाऱ्या कितीतरी केबल त्याच तांबड्या समुद्रातून जातात. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट गोगलगाय झालं होतं. २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात पुन्हा तुटल्या. १८७० चा नकाशा आणि आजचा केबलनकाशा शेजारी ठेवून बघ. विद्यार्थी या एका तासाला मोबाइल खाली ठेवतात.

मालकीचं गणित मात्र तारेपेक्षा अवघड आहे आणि त्यासाठी परदेशी उदाहरण लागत नाही. तुझ्या घरी संध्याकाळी मालिका लागत असतील. स्टार प्रवाह २००८ मध्ये सुरू झाली, तेव्हा वरची कंपनी रूपर्ट मर्डोक यांची न्यूज कॉर्प. २०१३ मध्ये तिची विभागणी झाली आणि वाहिनी ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी फॉक्सकडे गेली. मार्च २०१९ मध्ये डिस्नेने तो पसारा विकत घेतला. नोव्हेंबर २०२४ पासून ती जिओस्टारची. नियंत्रण रिलायन्सचं, डिस्नेचा वाटा सुमारे ३७ टक्के. आणि गंमत पुढे आहे. कलर्स मराठी, म्हणजे तुझ्या आईला आठवत असेल ती ई टीव्ही मराठी, आता त्याच घरात आहे. सासू एका वाहिनीवर, सून दुसऱ्या वाहिनीवर, आणि शिधापत्रिका एकच.

याच्या शेजारी ठेव स्टार माझा. तीही २००७ मध्ये ‘स्टार’ नावानेच आली, पण ती बातम्यांची वाहिनी. बातम्यांच्या वाहिनीत परदेशी भांडवल तेव्हा २६ टक्क्यांच्या वर चालत नव्हतं, म्हणून स्टारचा वाटा २६ आणि कोलकात्याच्या आनंद बाझार समूहाचा ७४. २०१२ मध्ये स्टारने काढता पाय घेतला आणि वाहिनी एबीपी माझा झाली. एकच नाव, एकच रिमोट, पण हसवण्या-रडवण्याला एक कायदा आणि बातमीला दुसरा. हा फरक समजला की जगातल्या कुठल्याही देशाचं माध्यमविश्व उलगडायला हातात एक किल्ली येते: त्या देशाने परदेशी पैशाला कुठल्या दारातून आत घेतलं आणि कुठल्या दारावर थांबवलं?

बीबीसी मराठीचं बघ. ऑक्टोबर २०१७ मध्ये ती सुरू झाली, कारण ब्रिटिश सरकारने वर्ल्ड सर्व्हिसच्या विस्तारासाठी २८.९ कोटी पौंडांची तरतूद केली होती आणि त्यातून ज्या ११ भाषा निवडल्या गेल्या त्यांत मराठी होती. नंतर भारताने डिजिटल बातम्यांनाही २६ टक्क्यांची मर्यादा लावली, म्हणून २०२४ पासून भारतातल्या भाषांचं काम ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ या भारतीय कंपनीकडे गेलं. लंडनच्या तिजोरीतला निर्णय आणि दिल्लीतला नियम, दोन्हींनी मिळून एका मराठी संपादकीय खोलीचा आकार ठरवला. हे बीबीसीला हिणवण्यासाठी सांगत नाही. तिथे चांगलं काम करणारी मुलं मला माहीत आहेत.

सरकारी किंवा सरकारच्या पैशावर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय माध्यमांसाठी मी विद्यार्थ्यांना एकच चाचणी देते: खाल्ल्या मिठाला कोण किती जागतो ते बघा. अल जझीरा १९९६ मध्ये दोह्यात उभी राहिली, त्याच वर्षी बंद पडलेल्या बीबीसीच्या अरबी दूरचित्रवाणीतले कितीतरी पत्रकार घेऊन. तिने अरब जगाची बातमी बदलून टाकली, यात शंका नाही. पण कतारबद्दल ती काय आणि किती बोलते ते महिनाभर मोज. रशियाच्या आरटीला, चीनच्या सीजीटीएनला, जर्मनीच्या डॉइच वेलेला तीच फूटपट्टी लाव. सगळे सारखेच निघणार नाहीत. काहींना मालकापासून वाचवणारे कायदे आहेत, काहींना नाहीत, आणि असलेले कायदेही कधी कधी पुरत नाहीत: १९४२ पासून चाललेल्या व्हॉइस ऑफ अमेरिकेचे कर्मचारी मार्च २०२५ मध्ये तिच्याच सरकारच्या एका आदेशानंतर रजेवर पाठवले गेले.

आता धुळ्याचं सांगते. हा भाग मी वर्गात अजूनही सलग बोलू शकत नाही. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते, मंगळवेढ्याकडचे. त्या महिन्यांत मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होत्या. फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक होता कराचीतला: मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करण्यासाठी एका स्वयंसेवी संस्थेने केलेली छोटी फीत. मोटारसायकलवरून मूल उचलल्याचं नाटक, आणि शेवटी मूल परत आणून सोडून मूल पळवायला क्षणभरच लागतो अशा अर्थाचा फलक दाखवणारी. शेवट कापला गेला आणि नाटकाची बातमी झाली. कराचीत केलेली फीत, कॅलिफोर्नियातल्या कंपनीचं ॲप, आपल्या गावांतले मोबाइल.

त्या जुलैतच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. आज ब्राझीलमधला माणूस पाचाच्या वर फॉरवर्ड करू शकत नाही, त्यामागे राईनपाड्यासारख्या गावांचं रक्त आहे. आंतरराष्ट्रीय संज्ञापन म्हणजे न्यूयॉर्क आणि लंडन असं वाटत असेल तर साक्रीची एस.टी. पकड.

एवढं वाचून तुला वाटेल की हे सगळं किश्श्यांचं काम आहे. नाही. पद्धत लागते, आणि ती रटाळ असते. १९६५ मध्ये योहान गाल्टुंग आणि मारी रूगे यांनी काँगो, क्युबा आणि सायप्रस इथल्या पेचप्रसंगांच्या बातम्या चार नॉर्वेजियन दैनिकांत कशा आल्या ते मोजलं आणि परदेशी बातमी निवडली कशी जाते याचे निकष मांडले. त्यांचा लेख आजही वाचतात, पण त्यामागे कात्रणं, रकाने आणि मोजणी होती. तुलाही तेच करावं लागेल: काय मोजायचं ते ठरवून तक्ता करायचा, दोन जणांनी एकमेकांना न विचारता त्याच बातम्यांचं वर्गीकरण करायचं आणि दोघांचं कितपत जुळतं ते तपासायचं. पहिल्या खेपेला जुळत नाही. माझं आणि माझ्या सहकाऱ्याचं ‘ही बातमी संघर्षाची की राजनयाची’ यावर असं वाजलं होतं की आठवडाभर आम्ही चहा वेगळा घेतला.

तयार आकड्यांपासूनही सावध राहा. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या पत्रस्वातंत्र्याच्या निर्देशांकात भारत १८० देशांत २०२३ ला १६१ वा, २०२४ ला १५९ वा, २०२५ ला १५१ वा. टीव्हीवर याच्यावरून दोन गट भांडतात आणि दोघांनीही तो कसा काढतात ते वाचलेलं नसतं. पद्धत २०२२ मध्ये बदलली. राजकीय, आर्थिक, कायदेशीर, सामाजिक आणि सुरक्षा असे पाच वेगळे गुण असतात. क्रमांक सोड, हे पाच रकाने बघ. तसंच ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटचा डिजिटल बातम्यांवरचा वार्षिक अहवाल. उपयोगी आहे, पण त्यातला भारताचा नमुना मुख्यतः इंग्रजी जाणणाऱ्या, ऑनलाइन असलेल्या लोकांचा असतो, हे ते स्वतःच सांगतात. त्यावरून ‘भारतीय वाचक’ असं वाक्य लिहिलंस तर लातूरचा वाचक त्यात नाही. मी अशी वाक्यं खोडते.

मराठी माध्यमाची काळजी तू उलट्या बाजूने करतो आहेस. इंग्रजी वाचन वाढवावंच लागेल. पहिलं सत्र जड जातं, एक लेख दोनदा वाचावा लागतो, मग जमतं. पण ‘टेररिस्ट’ या शब्दाला रॉयटर्स बिचकते, स्वतःच्या तोंडाने कुणाला तसं म्हणत नाही, आणि तीच कॉपी मराठीत येताना ‘अतिरेकी’, ‘दहशतवादी’, ‘बंडखोर’, ‘हल्लेखोर’ यांतलं एक काहीतरी निवडावंच लागतं, ही अडचण एकभाषिक विद्यार्थ्याला कधी येतच नाही. अठराशे सत्तावनला बंड म्हणायचं की स्वातंत्र्यसमर, यावर वाद घालत वाढलेल्या समाजातून तू आला आहेस. ही तयारीच आहे.

आणि विषय निवडताना हेच भांडवल वापर. मॉरिशस ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन मराठीतून कार्यक्रम करते. तिथली मराठी कशी आहे, मजकूर कुठून येतो, कोण ऐकतं? इस्रायलमधल्या बेने इस्रायल समाजाने ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. त्यात इस्रायल कसा दिसतो? गोव्यात ‘ओ हेराल्डो’ १९०० मध्ये पोर्तुगीज दैनिक म्हणून निघालं आणि १९८३ मध्ये इंग्रजी झालं. एका वर्तमानपत्राने साम्राज्याची भाषा बदलली की वाचकाचं जग कसं सरकतं? १९५५ पासून गोवामुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सीमेवरच्या रानातून गुप्त रेडिओ चालवत होते, कोकणी आणि पोर्तुगीजमधून. सरहद्द ओलांडणाऱ्या प्रसारणाचं यापेक्षा नेमकं उदाहरण युरोपातल्या पुस्तकांत मला सापडलेलं नाही. लंडनमधला विद्यार्थी यातलं काही करू शकणार नाही, त्याला भाषाच नाही. तिसरी भाषा शिकायचीच असेल तर माझं मत अरबीला. आखातात आपली माणसं लाखांनी आहेत आणि तिथली वर्तमानपत्रं वाचणारे मराठी पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

कुठे शिकावं याबद्दल थोडक्यात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग आहे, आयआयएमसीचं (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन) अमरावतीला केंद्र आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम चालतो. आधी यांपैकी कुठेतरी शीक किंवा वर्ष-दोन वर्षं डेस्कवर काम कर. परदेशी जायचं तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि लॉस एंजेलिसचं साउथ कॅलिफोर्निया विद्यापीठ मिळून जागतिक माध्यमांची दुहेरी पदवी देतात. नाव मोठं, खर्चही मोठा. डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठाच्या पुढाकाराने चालणारा इरॅस्मस मुंडस या युरोपीय संघाच्या योजनेतला पत्रकारिता, माध्यमं आणि जागतिकीकरण हा अभ्यासक्रम मला तुझ्यासाठी जास्त बरा वाटतो, कारण त्यात दोन देशांत शिकता येतं आणि शिष्यवृत्तीची सोय आहे. बॉनमध्ये डॉइच वेलेच्या अकादमीचा तिथल्या विद्यापीठांबरोबरचा एक अभ्यासक्रम आहे, तोही बघ. पात्रतेत बसत असशील तर राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची अट नीट वाच. ती विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीशी बांधलेली असते, त्यामुळे विद्यापीठ निवडण्याआधी वाच, नंतर नको. शेत गहाण टाकून एका वर्षाच्या पदवीला जाऊ नकोस. हे मी दोन विद्यार्थ्यांना सांगितलं नव्हतं.

नोकरीचं खरं सांगते. मराठी वर्तमानपत्रांचे परदेश डेस्क माझ्या काळातही दोन टेबलांचे होते, आता काही ठिकाणी एक आहे. माझे जुने विद्यार्थी तथ्यपडताळणीत आहेत, समाजमाध्यम कंपन्यांसाठी भारतीय भाषांतला मजकूर तपासण्याच्या कामात आहेत (हे काम मन पोखरतं, आधी विचार कर), आरोग्य आणि शेतीवरच्या संस्थांच्या संज्ञापन विभागांत आहेत, दूतावासांच्या माध्यमकक्षांत आहेत. दोघं शिकवतात. पदवीच्या नावाने जाहिरात निघत नाही, पण ‘हा मजकूर कुठून आला’ हे शोधता येणाऱ्याला काम मिळतं.

प्रवेशाला अजून वेळ आहे, तोवर एक वही घाल. रोज तुझ्या वर्तमानपत्रातली एक ‘वृत्तसंस्था’वाली बातमी काप, चिकटव आणि समोरच्या पानावर तिची उलटी वाट लिही: मूळ कॉपी कुणाची, पहिल्यांदा कुठे आली, मूळ मजकुरात काय होतं जे मराठीत गळलं, मराठीत काय वाढलं, आणि तू वाचत असलेली आवृत्ती सुटली तेव्हा न्यूयॉर्कला किती वाजले होते. पुण्यात मध्यरात्र तेव्हा हिवाळ्यात तिथे दुपारचा दीड. आणि तालुक्याला जाणारी डाक आवृत्ती संध्याकाळीच सुटली असेल, तर तिकडे जेमतेम ऑफिसं उघडलेली असतात. अमेरिकेची दुपार तुझ्या तालुक्याला एक दिवस शिळी का मिळते, ते या एका रकान्यातून कळेल. तीस कात्रणं झाली की पानांचे फोटो पाठव, मी वाचेन. आणि पासपोर्ट अजून काढला नसशील तर याच महिन्यात अर्ज टाक.